शुक्रवारचं मांस आणि ऐकीव नियम

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा (लेंटचा) पहिला दिवस, जवळ आला की शुक्रवारी मांस सोडण्याबद्दल आपल्या कॅथलिकांचे तेच प्रश्न फिरून येतात. निम्म्यांचा उगम व्हॉट्सअ‍ॅप, उरलेल्यांचा शेजारीण. म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तरं देतो.

फादर, शुक्रवारी अंडी, दूध, तूप चालतं का? (मालवण)

चालतं.

कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या (शिंपल्या) चालतात ना? आणि पाणकोंबडी? ती पाण्यातली, म्हणून चालते असं काका सांगतात. (आचरा)

पहिल्या तिन्ही चालतात. पाणकोंबडी हा पक्षी आहे, म्हणजे मांसच. शिवाय तिला मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा काकांनी रविवारीही तो नाद सोडावा.

मुलगा बारा वर्षांचा, सासरे बासष्टचे. दोघांनाही पाळावं लागतं का? (कुडाळ)

मांस वर्ज्य करण्याचं बंधन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं आणि वयामुळे ते सुटत नाही. उपवासाचं बंधन १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. म्हणजे सासऱ्यांना उपवास नाही, मांस मात्र सोडायचं. मुलावर बंधन नसलं तरी आपण हे का करतो, ते त्याला आत्तापासून सांगा.

उपवासाला साबुदाणा चालतो का? (सावंतवाडी)

आपल्या उपवासाला पदार्थांची यादी नाही. दिवसात एकच पूर्ण जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं. बंधनाचे दिवसही दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. एकदा जेवल्यावर वर ताटभर खिचडी हाणली, तर ते दुसरं जेवणच झालं.

आईला मधुमेह आहे. गुड फ्रायडेला ती पाणीही घेत नाही. इन्सुलिननं उपवास मोडतो म्हणे. (वेंगुर्ला)

कोण म्हणे? औषध बंद करा असं चर्चनं कधीही सांगितलेलं नाही. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासातसुद्धा पाणी आणि औषध चालतं. वृद्ध आणि आजारी माणसांना तर तोही लागू नाही. इन्सुलिन घेऊन न जेवणं आणि जेवून इन्सुलिन टाळणं, दोन्हीत धोका आहे. आईंना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. दरवर्षी हा प्रश्न मला आदल्या रात्री फोनवर येतो, तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो.

हॉटेलात ‘लेंट स्पेशल’ सीफूड थाळी लागली आहे. मासे चालतातच, मग शुक्रवारी खायला हरकत काय? (देवगड)

नियमात बसते. आता जरा ऐका.

ख्रिस्तानं शुक्रवारी प्राण दिला, म्हणून वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये हे नियम बरेच सैल केले आणि १९८३ च्या चर्चच्या धर्मकायद्यात ते थोड्या बदलांसह आले. उद्देश एवढाच, की आवडतं काहीतरी सोडावं. आता आपल्या किनाऱ्यावर बघा. मटण, पोर्क सणासुदीला, मासे रोजचे. कोंबडीपेक्षा सुरमई महाग. त्या थाळीत बोटभर जाडीची सुरमई रव्यात कुरकुरीत तळलेली, बाजूला कोळंबीचं सुकं, तिसऱ्या, वर सोलकढी. एवढं चापून ढेकर देत म्हणायचं, आज मांस नाही हं! कोंबडी सोडून सुरमई धरणाऱ्यानं नेमकं काय सोडलं?

हॉटेलवाल्याला दोष कमी देतो, त्याचा धंदा आहे. पण जाहिरातीत क्रूस छापून ‘शास्त्रोक्त’ लिहिणं हा चावटपणा आहे. कुठलाही फादर थाळीला मान्यता देत नाही.

तुमचा जीव माशात असेल तर शुक्रवारी पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुरे. वाचलेले पैसे देवळातल्या गरिबांच्या पेटीत टाका. मात्र ही तुमची निवड, दुसऱ्याच्या ताटावर लादू नका. ज्या घरात मासळीखेरीज काही शिजत नाही, तिथे तोच साधा घास आहे. तुम्ही काय सोडावं, हे पापनिवेदनाला याल तेव्हा बोलू.

उपवासकाळ सोडून इतर शुक्रवारी मांस चालतं, असं गोव्याचा मावसभाऊ म्हणतो. (बांदा)

मूळ नियम सगळ्या शुक्रवारांचा. पण त्याऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म ठरवून देण्याचा अधिकार देशातल्या बिशपांच्या परिषदेला आहे. तुमच्याकडे काय लागू आहे ते तुमच्या फादरना विचारा, मावसभावाला नको.

२०२६ चा नाताळ शुक्रवारी येतोय. सोरपोतेलचं, म्हणजे आपल्या पोर्कच्या कालवणाचं काय? (शिरोडा)

करा. नाताळासारख्या महासणाला मांसाचं बंधन उठतं.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मुलीचा साखरपुडा ठरलाय. आमंत्रणं गेली, मटणाची ऑर्डरही दिली. आता परवानगी मिळेल का? (कणकवली)

योग्य कारण असेल तर पॅरिशचे, म्हणजे तुमच्या चर्चचे, फादर सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं काही पुण्यकर्म सांगू शकतात. ऑर्डर दिली हे कारण धरतील की नाही, ते त्यांच्यावर. आज संध्याकाळीच जाऊन भेटा आणि तोवर आचाऱ्याला बाकीचा अ‍ॅडव्हान्स देऊ नका.