विजापूर दीड दिवसात: वाचकांचे प्रश्न

हिवाळा जवळ आला की सहलींबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी सर्वांत जास्त पत्रं विजापूरबद्दल आली. सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटर असलेलं हे शहर बहुतेक जण पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवर दोन तासांत ‘उरकतात’ आणि मग ‘काही खास नाही’ असं सांगत सुटतात. दोन तासांत गोलघुमटाच्या पायऱ्या चढून उतरणं होतं, विजापूर होत नाही.

प्रश्न : पुण्याहून शनिवार-रविवार जाऊन यायचं आहे. कसं पोहोचावं आणि कोणत्या क्रमाने पाहावं? (पुणे)

सोलापूरपर्यंत रेल्वेने या. तिथल्या बसस्थानकावरून कर्नाटक एसटीच्या गाड्या दिवसभर सुटतात. दोन ते अडीच तास धरा. सोलापूर-गदग मार्गावरची रेल्वेही विजापुरातून जाते आणि स्थानक गोलघुमटाच्याच बाजूला आहे, पण गाड्या मोजक्या. सांगली-मिरजेकडच्यांनी जतमार्गे यावं.

आरक्षण करताना एक घोळ हमखास होतो. शहराचं सरकारी नाव २०१४ पासून ‘विजयपुर’ आहे. जुन्या नावाने शोधलं, तर हॉटेलांच्या अ‍ॅपवर छत्तीसगडमधलं बिजापूर समोर येऊ शकतं आणि नव्या नावाने घाईत टाइप केलं, तर विजयवाडा. रेल्वेचा स्थानक-कोड मात्र अजून ‘बीजेपी’च आहे. राजकारणाशी त्याचा काही संबंध नाही. तिकिटावर तो पाहून खात्री करा.

आता क्रम. गोलघुमट शहराच्या पूर्व अंगाला, इब्राहिम रोजा (कबर आणि मशिदीची जोडी) पश्चिमेला तटाबाहेर आणि मधोमध जुना बालेकिल्ला, म्हणजे अर्किल्ला. आल्या आल्या गोलघुमटात घुसायची चूक करू नका. शनिवारी दुपारी पोहोचलात तर जेवून, ऊन उतरल्यावर पश्चिमेकडे निघा. ताज बावडी, मलिक-ए-मैदान तोफ, उपळी बुरूज हे सगळं जवळजवळ आहे. दिवसाचा शेवटचा तास-दीड तास इब्राहिम रोजासाठी राखून ठेवा. रविवारी पहाटे गोलघुमट, मग जामा मशीद, मेहतर महाल, असर महाल, गगन महाल आणि बारा कमान. वस्तुसंग्रहालय गोलघुमटाच्या आवारात असलं तरी ते पहाटे उघडत नाही. त्यामुळे परतीच्या वाटेवर पुन्हा तिकडे वळा. शुक्रवारी ते बंद असतं.

रिक्षा किंवा टांगा ठरवताना ‘सगळी ठिकाणं’ असं मोघम बोलू नका. ठिकाणांची नावं, थांबण्याचा वेळ आणि परत कुठे सोडायचं हे आधी ठरवून घ्या. नाहीतर तीन ठिकाणं दाखवून फेरी संपते.

प्रश्न : गोलघुमटातला तो प्रसिद्ध आवाज आम्हाला ऐकूच आला नाही, नुसता गोंगाट होता. आमचं काय चुकलं? (नाशिक)

वेळ चुकली. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि प्रत्येक मूल टाळी वाजवून, शिट्टी मारून बघतं. एक टाळी सात-आठ वेळा घुमत असताना शंभर जणांच्या टाळ्या एकमेकांत मिसळल्या की फक्त कल्लोळ उरतो. आवार सकाळी ६ ला उघडतं. त्या वेळी दारात हजर राहा आणि थेट वर जा, खालचा भाग उतरल्यावर बघा. तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढून ठेवलं तर सकाळचा खोळंबा टळतो आणि ते थोडं स्वस्तही पडतं. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

वर जायचं ते चार कोपऱ्यांतल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांमधून. जिना अरुंद आणि अंधारा आहे, पायऱ्या उंच आहेत. माथ्यावर घुमटाभोवती गच्ची लागते आणि तिथून छोट्या दारांतून आतल्या सज्जात जाता येतं. या दारांतून जाताना घुमटाची जाडी कळते. तळाशी ती सुमारे ३ मीटर आहे.

आता कुजबुजीची पद्धत. दोघांनी सज्जात बरोबर समोरासमोर जाऊन बसायचं. मधलं अंतर साधारण ३८ मीटर. बोलणाऱ्याने तोंड मधल्या पोकळीकडे नव्हे, भिंतीकडे करायचं आणि अगदी हळू बोलायचं. ऐकणाऱ्याने कान भिंतीजवळ न्यायचा. आवाज वक्र भिंतीला धरून सरकत पलीकडे पोहोचतो. मोठ्याने ओरडलं तर तो घुमटभर पसरतो आणि शब्द विरघळतात. बहुतेक लोक नेमकं हेच करतात.

वरून खाली वाकून बघून झालं, की उतरून चौथऱ्यावर उभं राहून वर बघण्यासारखंही बरंच आहे. खालच्या चौरस दालनाची एक बाजू सुमारे ४१ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. चौरसावर गोल घुमट बसवायचा कसा, हे कोडं इथे आठ मोठ्या कमानी एकमेकींत गुंतवून सोडवलं आहे. दोन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवावेत तशी त्यांची मांडणी आहे. कमानींच्या छेदांतून तयार झालेले त्रिकोणी भाग आत झुकतात, त्यांचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोलून धरतं आणि त्यांच्यावरच तो सज्जा उभा आहे. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास, त्याच्या मृत्यूपर्यंत बांधली जात होती.

गाइड ‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट’ म्हणतील. ते फार मनावर घेऊ नका. रोमच्या पँथिऑनचा आणि सेंट पीटर्सचा, दोन्ही घुमट आतल्या व्यासात याच्यापेक्षा मोठे आहेत. मात्र एका घुमटाखाली झाकलेली जमीन मोजली, तर गोलघुमट पँथिऑनलाही मागे टाकतो. ते दालन चौरस आहे ना!

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला घेऊन जाण्यात अर्थ आहे का? (ठाणे)

जरूर न्या. गोलघुमटाचा जिना मात्र त्यांना चढायला लावू नका. अर्ध्यावर दम लागला तर बसायला जागा नाही आणि वरून उतरणाऱ्यांची रांग अडते. त्या खाली बसून घुमट पाहू शकतात. उपळी बुरुजाच्या पायऱ्या बाहेरून वळसे घेत चढतात, तोही टाळा.

त्यांच्यासाठी खरी जागा इब्राहिम रोजा. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. चौथऱ्यावर जाण्यापुरत्याच पायऱ्या आहेत. दुसरा इब्राहिम आदिलशहा, म्हणजे ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह लिहिणारा, सरस्वतीला वंदन करणारा सुलतान, याच्या कबरीत दफन आहे. गोलघुमट आकाराने थक्क करतो, पण कारागिरीत रोजाच्या जवळपासही तो येत नाही, हे आमचं स्पष्ट मत. खिडक्यांच्या दगडी जाळ्या नीट बघा, त्यांची नक्षी अरबी अक्षरांचीच केली आहे. आतल्या दालनाचं छत जवळपास सपाट आहे, सुमारे १२ मीटर बाजूचं, आणि दगड चुन्याच्या पकडीवर टिकून आहेत. कोपऱ्यांत लोंबणाऱ्या दगडी साखळ्याही शोधा.

चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी भाजते. जाड मोजे सोबत ठेवा. जामा मशिदीतही ते उपयोगी पडतील. मशिदीत रोजची नमाज होते, म्हणून शुक्रवारी दुपारी जाऊ नका. तिथल्या जमिनीवर प्रत्येकाच्या नमाजाची जागा आखलेली दिसेल, असे सुमारे सव्वादोन हजार चौकोन आहेत.

प्रश्न : मुलांना इतिहासाचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी काय? (कोल्हापूर)

मलिक-ए-मैदान. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, नळीचं तोंड ७० सेंटिमीटर. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि जबड्यात हत्ती सापडलेला आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ओतली. धातू साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, म्हणजे घंटेचा धातू. तिच्यावर हलकेच टकटक केलं तर नाद उमटतो. अहमदनगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथून विजापुरी आणली. एवढं धूड त्या काळच्या रस्त्यांनी कसं ओढलं असेल, हा प्रश्न मुलांना विचारून बघा. १८५४ मध्ये इंग्रजांच्या लिलावात तिला १५० रुपयांची बोली आली होती. सुदैवाने तो सौदा रद्द झाला.

प्रश्न : अफजलखानाच्या बायकांच्या साठ कबरी खरंच आहेत का? आणि याच सहलीत बदामी जमेल का? (सातारा)

कबरी आहेत, शहराबाहेर पश्चिमेला. एकसारख्या, रांगेत, साठपेक्षा थोड्या जास्तच. प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी खानाने आपल्या बायकांना मारलं, ही आख्यायिका तिथे सगळे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच ऐका. खानाने स्वतःसाठी बांधून घेतलेली कबर मात्र रिकामी राहिली. त्याचा दफनविधी १६५९ मध्ये प्रतापगडाखालीच झाला. वाट शेतातून जाते आणि पाट्या कमी आहेत. रिक्षावाल्याला ‘साठ कबर’ असं आधी सांगा, त्याला माहीत नसेल तर दुसरी रिक्षा बघा. अंधार पडायच्या आत परता.

बदामी मात्र दीड दिवसात नको. विजापूरपासून ते सुमारे १२० किलोमीटर आहे, आणि तिथे गेल्यावर जवळची पट्टदकल-ऐहोळेची जुनी देवळं सोडून येणं जिवावर येतं. त्यासाठी आणखी दोन दिवस काढा.

प्रश्न : जेवणाचं काय? (लातूर)

लातूरकरांना परकं वाटणार नाही. लिंगायत खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी आणि दही मिळतं. गर्दी एक ते दोनच्या दरम्यान असते, त्याआधी जा. आणि विजापूर जिल्ह्यातल्याच इंडीची लिंबं बाजारात दिसली तर घेऊन या, फळ लहान पण रस भरपूर.