क्षमा करणे ही बरे होण्याची अट नाही

प्रश्न : माझे वय ३८. मी नऊ वर्षांची असताना आमच्याच वाड्यात राहणाऱ्या चुलत्यांनी माझ्यावर लैंगिक अत्याचार सुरू केले. आईला सांगितले, तेव्हा ‘कुणाजवळ बोलू नकोस’ एवढेच ती म्हणाली. आता माझी मुलगी नऊ वर्षांची झाली आहे आणि काही महिन्यांपासून मला झोप लागत नाही. जिन्यावर पावले वाजली की छाती धडधडते. मार्गशीर्षात त्याच घरात लग्न आहे. ‘झाले गेले विसर, ते आता थकले आहेत,’ असे म्हणून आई मला बोलावते आहे. यजमानांना यातले काहीच माहीत नाही. मी यातून कधी बरी होईन का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जे घडले त्याचा दोष कणभरही तुमच्याकडे येत नाही. त्या वयात धीर करून तुम्ही आईला सांगितलेत आणि तिथे तुमचा शब्द दडपला गेला. अनेकींना अत्याचाराइतकेच हे गप्प बसवणे पुढे आयुष्यभर सलते, आणि तुमच्या पत्रातही मला तोच सल जाणवला.

त्रास आत्ताच का उफाळला, याचे उत्तर बहुधा मुलीच्या वयात आहे. आपले मूल त्या वयाला पोहोचले की नऊ वर्षांची पोर किती लहान असते हे आईला समोर दिसते आणि इतकी वर्षे दाबलेली भीती वर येते. पावलांच्या आवाजाने छाती धडधडणे हे वेडाचे लक्षण नाही. धोका ओळखणारी मेंदूतील यंत्रणा जुन्या खुणेवर आजही इशारा देते. यावर उपचार आहेत आणि ते प्रौढ वयातही लागू पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेल्या पद्धतींत ‘ईएमडीआर’ आहे. तीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते, सगळा तपशील बोलून दाखवावा लागत नाही. जाणता समुपदेशक पहिल्याच भेटीत सारे उकरून काढत नाही, आधी तुमची झोप आणि दिवसाची घडी सावरू देतो. आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे निःसंकोच विचारा. सुरुवातीला शासनाच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येईल.

लग्नाला जाऊ नका, असे मी स्पष्टच सांगेन. चुलते थकले म्हणून घडलेले पुसले जात नाही, आणि त्यांना क्षमा केल्यावाचून मन शांत होणार नाही, हे आपल्याकडे फार सहज सांगितले जाते. मला ते मान्य नाही. आईला ‘मला जमणार नाही’ एवढे सांगणे पुरे. मुलीला मात्र कोणाच्याही सोबतीने त्या घरी पाठवू नका.

कायद्याविषयी थोडक्यात : बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा असल्याने जुन्या घटनेला लागू होत नाही, परंतु तेव्हाच्या भारतीय दंडविधानातील गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची कालमर्यादा नाही, म्हणून इच्छा असल्यास वकिलांना भेटा.

यजमानांना सगळे एकदम सांगण्याची गरज नाही. ‘लहानपणी त्या घरात माझ्यावर अत्याचार झाला, तपशील आज विचारू नका, पण मी तिथे येणार नाही आणि मला उपचारांसाठी तुमची सोबत हवी आहे,’ इतके सांगितलेत तरी लग्नाचा प्रश्न तुम्हाला एकटीने निभवावा लागणार नाही.