व्हॉट्सॅपवर आपण बोलतो की लिहितो?

प्रश्न असा आला आहे: मुलगी म्हणते, 'काल रात्री आम्ही तासभर व्हॉट्सॅपवर बोललो.' वडील लगेच दुरुस्त करतात, 'बोललात कुठे? लिहिलंत.' दोघांपैकी बरोबर कोण? आणि 'चॅट'ला सरळ 'गप्पा' म्हणावं का?

मी मुलीच्या बाजूने आहे. हा पेच व्हॉट्सॅपच्या कितीतरी आधीचा आहे. एकच मोठा संगणक आणि त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर, म्हणजे मजकूर टाईप करायच्या आणि वाचायच्या यंत्रांवर, बसलेली बरीच माणसं, अशी सोय झाली तेव्हाच एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर मजकूर धाडायचे प्रोग्राम आले. त्यांना नाव देताना क्रियापद निवडावं लागलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत घडलेल्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत १९७१ सालीच 'राइट' नावाची आज्ञा होती, म्हणजे 'लिही'. तुम्ही ओळ टाईप करून एंटर दाबलंत की ती समोरच्याच्या टर्मिनलवर, तो जे काही करत असेल त्याच्या मधोमध, उमटायची. उत्तर द्यायचं तर त्यालाही तिकडून 'राइट' सुरू करावं लागे. नको असेल तर 'मेसेज नो' अशा अर्थाची आज्ञा देऊन दार लावून घेता येई.

यात एक अडचण होती. समोरच्याचं म्हणणं संपलं की तो पुढची ओळ टाईप करतोय, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून युनिक्सच्या जुन्या माहितीपुस्तिकेत सुचवलं होतं, की आपलं म्हणणं संपलं की कंसात एक 'ओ' टाका, म्हणजे 'ओव्हर'. आणि निरोप घ्यायचा असेल तेव्हा दोन 'ओ'. पोलिसांच्या वायरलेसवर ऐकू येतं तेच 'ओव्हर'. मला मात्र हे वाचताना पेशवाईतल्या पत्रांचा शेवट आठवतो: 'बहुत काय लिहिणे'. मजकूर इथे संपला, हे वाचणाऱ्याला सांगायची खूण दोन्हीकडे लागली, कारण दोन्हीकडे खरोखर लिहिणंच चाललं होतं.

आता दुसरं क्रियापद. १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावर शिकवायच्या यंत्रणेवर डग ब्राउन यांनी 'टॉकोमॅटिक' केलं. पडद्याचे आडवे भाग पाडलेले, एका वेळी पाच जण, आणि प्रत्येकाचं अक्षर दाबताक्षणी सगळ्यांना दिसणार. पुढे १९८३च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'टॉक' आलं. पडद्याच्या मधे तुटक रेघ. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला समोरचा. एंटरची वाट न पाहता अक्षर न् अक्षर पलीकडे जायचं, आणि दोघं एकाच वेळी टाईप करू शकायचे. ओळीओळीने गेलं तेव्हा नाव 'लिही', अक्षराअक्षराने गेलं तेव्हा नाव 'बोल'. ही नावनिवड मला फार नेमकी वाटते.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी हे 'टॉक' वापरलं आहे. घंटी वाजायची, अमुक जण बोलावतोय अशी ओळ यायची. एकदा मित्राला रोमन लिपीत विचारलं, 'चहाला येतोस का?' खालच्या अर्ध्यात 'येतो' उमटलं. मग कर्सर मागे सरकू लागला, एकेक अक्षर पुसलं गेलं, क्षणभर काहीच नाही, आणि मग 'नाही येत'. ती घुटमळ मी डोळ्यांनी पाहिली. फोनवर आवाज अडखळावा तशीच होती ती. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो होतो, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

मराठीचं व्याकरणही हेच सांगतं. आपण कुणाला लिहितो, पण कुणाशी बोलतो. 'ला' एका बाजूने जातो. 'शी'ला दोन माणसं लागतात, म्हणून खेळणं, भांडणं, लग्न करणं सगळं 'शी'. ('त्याला बोललो' म्हटलं तर आमच्याकडे रागावलो असा अर्थ होतो, मुंबईत अनेकांच्या तोंडी तो नुसतं सांगितलं असाही असतो.) शिवाय 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्रामागे जातं, 'मी बोलले' यात ते बोलणारीमागे जातं. लिहिण्यात मागे वस्तू उरते. बोलण्यात बोलणारं माणूसच काय ते असतं. म्हणून समोरचं माणूस त्याच वेळी हजर असेल, उत्तराला उत्तर मिळत असेल, तर 'बोललो' म्हणावं. रात्री संदेश टाकला आणि त्याने सकाळी पाहिला, तर 'कळवलं', 'निरोप ठेवला'. तिथे वडिलांचं बरोबर.

'गप्पा'बद्दल. फारसी 'गप'मधून आलेला हा शब्द आपल्याकडे अनेकवचनीच रुळला, आणि गप्पांना विषयाचं बंधन नसतं. १९८८ साली फिनलंडमध्ये औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 'मल्टीयूजर टॉक' या प्रोग्रामच्या जागी नवा प्रोग्राम लिहिला आणि नावात 'चॅट' घातलं: इंटरनेट रिले चॅट. मजकूर पुन्हा ओळीओळीने जाऊ लागला, पण एकेका चॅनेलवर माणसांचं टोळकंच जमायचं. त्या अर्थी 'गप्पा' चपखल बसतो, आणि 'गप्पा मारल्या' असं मी बिनदिक्कत लिहितो.

फक्त एका जागी तो चालत नाही. 'चॅट पाठव', 'चॅट डिलीट केली', 'चॅटचा स्क्रीनशॉट' यांत चॅट म्हणजे साठून राहिलेला मजकूर. गप्पांचा स्क्रीनशॉट कुणी मागत नाही, गप्पा हवेत विरतात. जुनं 'टॉक' बंद केलं की पडद्यावरचं सगळं तसंच जायचं. आता ते फोनमध्ये राहतं, आणि त्या राहिलेल्या मजकुराला मराठीत 'चॅट' हाच शब्द लोकांनी घेतला आहे. मुलीने निर्धास्त म्हणावं: 'काल तिच्याशी तासभर बोलले, चॅट अजून आहे.'