कॉमर्सच्या मुलाला एनडीए देता येते का?

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे, अकरावीतच गणित सोडले. त्याला सैन्यातच जायचे आहे. अ‍ॅकॅडमीवाले म्हणतात, ‘एनडीएला कॉमर्स चालते.’ चष्मा आहे, तर लेसर करून घ्यावे का?
– एक पालक, सिन्नर

उत्तर : अ‍ॅकॅडमीवाले खोटे बोलत नाहीत, अर्धेच सांगतात. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आर्मी विंगला कोणत्याही शाखेची बारावी चालते. नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतात. पण आर्मी विंग मागितली म्हणून गणिताचा पेपर चुकत नाही. अडीच तासांत 120 प्रश्न, 300 गुण, आणि अभ्यासक्रम बहुतांशी अकरावी-बारावीचा. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकले की 0.83 वजा. दुसऱ्या, 600 गुणांच्या पेपरात इंग्रजी आणि सामान्य ज्ञान कितीही चांगले गेले तरी गणितात किमान गुण पडले नाहीत तर नाव यादीत येत नाही. गणित सोडलेली मुले इथेच अडकतात. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे फार तर तीन-चार संधी हातात. वर्षभर रोज दोन तास गणिताला देण्याची तयारी असेल तरच फॉर्म भरा.

आम्हाला त्याच्यासाठी दुसरी वाट जास्त बरी वाटते. पदवीनंतरच्या सीडीएस परीक्षेत (सैन्यातल्या अधिकारी पदांची परीक्षा) चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, गणिताचा पेपरच नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. कॉलेज करता करता एनसीसीचे ‘सी’ सर्टिफिकेट मिळवावे. पुढे लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीचे (अधिकारी निवडीच्या मुलाखतीचे) पत्र आले की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात मुलाखतीची तयारी करून घेतात, राहणे-जेवण मोफत. तेव्हा क्लासला हजारो रुपये मोजण्याआधी तिथे चौकशी करा.

लगेच भरती व्हायचे असेल तर अग्निवीर. कॉमर्सवाल्याला क्लार्कची जागा सोयीची : बारावीला एकूण 60 टक्के, शिवाय इंग्रजीत आणि गणित, अकाउंट्स किंवा बुक कीपिंग यांपैकी एकात प्रत्येकी 50. नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के, हे घरात आधीच बोलून घ्या.

अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी, मग मैदानी चाचणी. 1.6 किलोमीटर म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकच्या चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांत आले तर धावण्याचे पूर्ण 60 गुण, म्हणजे फेरीला साधारण 82 सेकंद. पोरे पहिली फेरी 70 सेकंदांत मारतात आणि तिसरीत छाती भरून येते. घड्याळ लावून चारही फेऱ्या सारख्या पळायची सवय लावा. डांबरी रस्त्यावर रोज पळू नये; नडग्या दुखायला लागतात आणि ऐन भरतीच्या तोंडावर महिना वाया जातो. पुल-अप्स दहा, त्याचे 40 गुण.

लेसर आत्ता मुळीच नको. विसाव्या वर्षाआधी केलेले असेल तर मेडिकलमध्ये बाद करतात. आधी नेत्रतज्ज्ञाकडून चष्म्याचा नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या, कारण रंगांधळेपणावर इलाज नाही. गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवा, व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या शिरा फुगणे) हेही त्याच वेळी बघून घ्यावे. व्हेरिकोसीलचे ऑपरेशन आधी करून घेता येते, भरतीच्या रॅलीत कळले तर धावपळ होते. कानातला मळ काढून जा. त्यावरूनही मुलांना थांबवून ठेवतात.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, एनडीएला जायचे म्हणते. नाशिकमध्ये काही सोय आहे का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आहे. मुलींसाठीची शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था नाशिकलाच आहे. प्रवेश दहावीनंतर अकरावीला होतो, तोही परीक्षा-मुलाखतीतून, त्यामुळे यंदाच जाहिरातीकडे लक्ष ठेवा. बारावी झाल्यावर चौकशीला गेलात तर उशीर झालेला असेल. सायन्स घेताना गणित सोडून बायोलॉजी घेऊ देऊ नका. आणि आधार कार्डावरचे नाव, जन्मतारीख दहावीच्या फॉर्मशी अक्षरशः जुळते का ते आत्ताच पाहा.