सुरिकाटाच्या मशीनमधल्या दोन्ही लॅन कार्डांना आयपी द्यायचा का?

तुम्ही लिहिलंय की उबंटू लिनक्सवर सुरिकाटा (नेटवर्कवरची संशयास्पद हालचाल पकडून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) टाकलं, दोन्ही कार्डांना एकाच रेंजचे आयपी दिले, आता रिमोट लॉगिन कधी लागतं कधी अडकतं आणि अलर्ट जवळजवळ येतच नाहीत.

भाऊ, एक कार्ड तुमच्या लॉगिनसाठी, म्हणजे मॅनेजमेंटचं, आणि दुसरं फक्त ट्रॅफिक ऐकायला. आधी त्या दुसऱ्या कार्डाचा आयपी काढा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं नेटवर्क मी सांभाळतो. पहिल्या हंगामात मीही हेच केलं होतं. कार्ड आहे म्हणजे आयपी लागणारच, असं वाटायचं. पण लिनक्सच्या लेखी आयपी कार्डाचा नसतो, अख्ख्या मशीनचा असतो. एका आयपीच्या नावानं आर्पची ('हा आयपी कुणाचा?' अशी) हाक आली की दोन्ही कार्डं ओ देतात. जाणारं उत्तरही भलत्याच कार्डातून निघू शकतं. ते कार्ड स्विचच्या मिरर पोर्टला (जिथं बाकी पोर्टांवरच्या ट्रॅफिकची नक्कल मिळते) जोडलेलं असेल तर संपलंच, कारण बरेच स्विच त्या पोर्टातून आत येणारं काही घेतच नाहीत.

भिंतीला कान असतात, तोंड नसतं. ऐकणारं कार्ड तसं हवं. आयपी नाही, गेटवे नाही, डीएचसीपी (आपोआप आयपी घेणं) बंद. एवढं करूनही आयपीव्ही-सिक्सचा लिंक-लोकल पत्ता आपोआप चिकटतो, तोही बंद करा. कार्ड फक्त 'अप' ठेवा, प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांसाठीची पॅकेटही ऐकणं) सुरिकाटा स्वतः लावतं. डिफॉल्ट गेटवे एकच, मॅनेजमेंटच्या कार्डावर.

अलर्टसाठी त्या ऐकणाऱ्या कार्डावर टीसीपीडम्प (येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून दोन मिनिटं नुसतं बघा. आमच्याकडे धर्मकाट्याचा संगणक आणि ऑफिसचा सर्व्हर यांचं आपसातलं बोलणं तिथं दिसायला हवं होतं, दिसत होत्या फक्त आर्पच्या हाका. म्हणजे मिररिंग लागलंच नव्हतं, आणि मी आठ दिवस सुरिकाटाचे नियम उकरत बसलो होतो! साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय नसते, तेही तपासा.

ट्रॅफिक दिसतंय तरी अलर्ट कमी असतील तर ईथटूल या कमांडनं जीआरओ आणि एलआरओ ही दोन सेटिंग बंद करा. हे दोघं छोटी पॅकेट जोडून मोठी करतात, मग तारेवर जे होतं ते सुरिकाटाला जसंच्या तसं दिसत नाही. मात्र ही सेटिंग रीबूटनंतर उडते. आपल्याकडचं लोडशेडिंग आणि जिनिंगमधला थकलेला यूपीएस बघता ती सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्येच (मशीन सुरू होताना आपोआप चालेल अशी) टाकलेली बरी.

नावांचा घोळ वेगळाच. जूनमध्ये वीज पडून एक कार्ड जळालं, नवं दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, तर नाव बदललं आणि सुरिकाटा उठेचना. मी आपला अलर्ट नाहीत म्हणून खूश! तेव्हापासून नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्क सेटिंगची सोय) कार्ड मॅक ॲड्रेसनं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या क्रमांकानं, ओळखून नाव मीच ठरवतो. कार्ड बदललं की फाइलीत एक ओळ बदलायची.

पुढं ऐकायला तिसरं कार्ड लावलंत तर सुरिकाटाच्या सेटिंग फाइलीतल्या एएफ-पॅकेट भागात (कुठल्या कार्डावर ऐकायचं ते तिथं लिहितात) त्याला वेगळा क्लस्टर-आयडी द्या.

हे सगळं दुरून करणार असाल तर 'नेटप्लॅन ॲप्लाय' नको, 'नेटप्लॅन ट्राय' चालवा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत येते. आमची जिनिंग घरापासून २२ किलोमीटर आहे, रात्री फाट्यावरून गाडी मिळत नाही.