वाचकांचे प्रश्न : गद्दाफीची नदी

प्रश्न : गद्दाफीची सत्ता 2011मध्ये गेली. त्याने वाळवंटातून आणलेली ‘महा मानवनिर्मित नदी’ अजून चालते का?

उत्तर : चालते, पण रखडत. ही नदी म्हणजे जमिनीखाली पुरलेल्या मोठ्या नळांचे जाळे; लिबियातील शहरांचे बरेचसे पाणी आजही तिचेच आहे. 1984मध्ये काम सुरू झाले. 1991मध्ये पाणी बेनगाझीला आणि 1996मध्ये त्रिपोलीला पोहोचले. दक्षिणेकडील विहिरी, त्यांतल्या बहुतेक 500 मीटरहून खोल, हजारो वर्षांपूर्वी वालुकाश्मात मुरलेले पाणी उपसतात. तिथे आज पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे उपसलेले भरून येत नाही.

खरे दुखणे नळांत आहे. मुख्य नळ चार मीटर व्यासाचे, काँक्रीटचे. पाण्याचा दाब पेलण्यासाठी त्यांच्याभोवती ताणलेल्या पोलादी तारा गुंडाळलेल्या असतात. बाहेरच्या गिलाव्यातून ओल आणि क्षार आत शिरले की तारा गंजतात, एकेक करून तुटतात, आणि पुरेशा तुटल्या की नळ एकदम फुटतो. वरून काहीच दिसत नाही! म्हणून तारा तुटल्याचा आवाज टिपणे आणि गंजरोधक विद्युतप्रवाह देणे, ही देखभाल अखंड हवी.

गद्दाफीविरुद्धच्या युद्धात नेमकी ही देखभालच खंडित झाली. जुलै 2011मध्ये ब्रेगा शहरातल्या, हेच नळ बनवणाऱ्या कारखान्यावर नाटोने हल्ला केला. नंतर विहिरींवरची यंत्रसामग्री चोरीला गेली, वीज वारंवार जाऊ लागली, सशस्त्र टोळ्यांनी मागण्यांसाठी त्रिपोलीचे पाणी तोडले. पाण्याच्या चाव्या एकाच सत्तेच्या हाती ठेवणारी रचना, हा गद्दाफीचा सर्वांत घातक वारसा आम्हांला वाटतो.