विचारा की राव!

प्रश्न : आमच्या सासूबाई म्हणतात मृणाल कुलकर्णी म्हणजे 'स्वामी'मधली रमा, मी म्हणते सोनपरी. परवा टीव्हीवर 'रमा माधव' लागला तर दिग्दर्शनातपण तिचंच नाव! हे कधी झालं? आणि रमा ती स्वतः का नाही झाली?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोघीपण बरोबर आहात, भांडू नका. 'स्वामी' दूरदर्शनवर लागायची तेव्हा आमच्या शिवाजी पेठेतल्या वाड्यात शटरवाला एकच टीव्ही, एक जण कौलावर अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे "आलं आलं, नको हलवू!" आणि तेवढ्यात रमाबाई मुंग्यामुंग्यांत गायब. कादंबरी रणजित देसाईंची, म्हणजे चंदगडकडच्या कोवाडचा माणूस, त्यामुळं आपल्याकडं त्या सिरीयलचं कौतुक जरा जास्तच. रमा झाली तेव्हा मृणाल सोळा वर्षांची होती हो. मग 'अवंतिका', तुमची सोनपरी (ती 2000 ची), आणि पहिला पिक्चर डायरेक्ट केला थेट 2013 ला, 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं'. 'रमा माधव' त्याच्या पुढच्या वर्षी.

आता रमा का नाही, तर वय हे कारण आहेच, त्यात लपवायचं काय. पण मला खरी गंमत वाटते ती कास्टिंगची, मोठी रमा पर्ण पेठेला दिली आणि स्वतः झाली गोपिकाबाई, म्हणजे रमाची सासू! आणि 'स्वामी'तले माधवराव, रवींद्र मंकणी, ते इथं नानासाहेब, माधवरावांचे वडील. सासूबाईंना शेजारी बसवून बघा परत, त्या पटकन ओळखतील. बाकी दिग्दर्शन केलं म्हणून अ‍ॅक्टिंग सोडली असं काही नाही, 'पावनखिंड'मधल्या जिजाऊ त्याच की.

प्रश्न : आपल्या कोल्हापुरात असा नटाचा डायरेक्टर कोण झालाय का?
— एक वाचक, महाद्वार रोड

उत्तर : काय राव, कोल्हापूरकर असून हे विचारताय! व्ही. शांताराम. टीव्ही नव्हता तेव्हा, पण बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करत 1925 ला 'सावकारी पाश'मध्ये शेतकरी झाले, दोन वर्षांत 'नेताजी पालकर' डायरेक्ट केला आणि 1929 ला इथंच 'प्रभात' काढली. पुढं 1933 ला ती पुण्याला गेली, त्याचं दुःख आमच्या आजोबांना शेवटपर्यंत होतं.